आधी एटीएम कार्ड, मग वडगावची खोली

‘ताई, मी खानापूर तालुक्यातली. वय ३३, लग्न केलेलं नाही. बेळगावात एका पतसंस्थेत क्लार्क होते आणि वडगावात मैत्रिणीसोबत भाड्याच्या खोलीत राहत होते. दोन पावसाळ्यांपूर्वी तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ एका टेम्पोने माझ्या स्कूटीला उडवलं. हेल्मेट डिकीत होतं. डोक्याचं ऑपरेशन झालं. पुढचा महिनाभर काय घडलं ते मला आठवतच नाही. तेव्हापासून गावी भावाकडे आहे.

आता मी चालते, बोलते, घरातलं बरंच काम करते. पण दुपार झाली की डोकं बंद पडतं. काल कोण येऊन गेलं ते आज सांगता येत नाही. फोडणीचा वास येत नाही. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला, मी शेजारी उभी असून कळलं नाही. तेव्हापासून मला गॅसजवळ जाऊ देत नाहीत. आठ महिन्यांपूर्वी एकदा फिट आली, लेव्हेटिरासिटामच्या गोळ्या चालू आहेत. जरा काही झालं की वैनीवर ओरडते आणि मग रडत बसते. पाळीचाही मेळ राहिलेला नाही. मोबाईल आणि एटीएम कार्ड दादाकडे असतं. आई म्हणते, “एकटी कुठं पडलीस तर कोण बगणार?” कोर्टात अपघाताच्या भरपाईची केस चालू आहे. वकील म्हणतात, निकाल लागेपर्यंत नोकरीचं नाव काढू नका. मॅनेजरसाहेब म्हणतात, बरी झालीस की ये. गावात म्हणतात, हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.

मला माझ्या खोलीत परत जायचंय. मी पूर्वीसारखी कधी होणार? कधी कधी वाटतं, वाचले तरी कशाला. पुढच्या आठवड्यात दादा शेताच्या कागदावर सही करायला रजिस्टर ऑफिसला नेणार आहे, म्हणून घाईत लिहिलं. शुद्धलेखन भाचीनं तपासलंय.’

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीत. म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते. ती सही करू नका. भाचीच्या नंबरवर हे आधीच कळवलं आहे. इथे पुन्हा लिहिते, कारण असे कागद तुमच्या एकटीच्याच घरात तयार होत नाहीत.

तुमचा भाऊ वाईट आहे असं मी म्हणत नाही. दवाखान्याचं बिल त्यांनीच भरलं असणार, त्यासाठी कर्जही काढलं असेल. पण ज्या बहिणीला पाचशे रुपये सांभाळता येणार नाहीत म्हणून तिचं कार्ड काढून घेतलं, तिची सही शेताच्या कागदावर चालते कशी? तुम्हाला व्यवहार कळत असेल तर कार्ड परत मिळायला हवं. कळत नसेल तर सही घेता येत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही आणि हे तुम्ही शांतपणे, सकाळच्या वेळी, आईसमोर भावाला विचारू शकता. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क २००५च्या कायद्याने आला आणि तो जन्मानेच मिळतो असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तुमच्यापुढे येणारा कागद बहुधा हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद असेल. ते एकदा नोंदलं गेलं की रद्द करून घेणं फार अवघड. कागद कन्नडमध्ये असणार. पूर्वी तुम्ही कन्नड सफाईने वाचत असाल, पण डोक्याच्या मारानंतर थकलेल्या मेंदूला दुसरी भाषा जड जाऊ शकते. कागदाची झेरॉक्स मागा आणि खानापूर कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीत दाखवा. बाईमाणसाला तिथे उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, कायद्यातच तशी तरतूद आहे. फोन करायचा तर नंबर १५१००. भावाचं कर्ज फेडायचंच असेल तर ते अपघाताच्या भरपाईतून, हिशेब मांडून फेडा. त्यासाठी शेत मध्ये आणायचं कारण नाही.

आता ‘वाचले तरी कशाला’ हे वाक्य. ते मी वाचून पुढे गेले नाही. मेंदूला मार लागलेल्या माणसांत खिन्नता फार आढळते. ती मेंदूतल्या बदलामुळेही येते आणि आयुष्य हातातून निसटल्यामुळेही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा याच शब्दांत सांगा, ‘जरा उदास वाटतं’ असं सौम्य करू नका. दवाखान्याची तारीख लांब असेल आणि रात्र जड गेली तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. आईलाही जागं करा. ती घाबरेल, पण ती तशीही घाबरलेलीच आहे.

डॉक्टरांना आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. लेव्हेटिरासिटाम या गोळीने काही जणांची चिडचिड वाढते. वैनीवरचा तुमचा राग सगळा तुमचा नसेल, त्यातला काही गोळीचाही असेल. गोळी बदलायची की डोस, ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही मनाने एकही गोळी चुकवू नका, अचानक थांबवली तर फिट येऊ शकते. दुसरं पाळीचं. मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी नावाची ग्रंथी असते. अपघातात तिला धक्का बसला तर पाळी बिघडते आणि थकवाही येतो. रक्ताच्या तपासणीत ते कळतं. डॉक्टर स्वतःहून विचारतीलच असं नाही, कारण तुम्ही त्यांना पाळीबद्दल सांगितलंच नसेल.

दुपारी डोकं बंद पडण्याला घरात आळस म्हणत असतील. तो आळस नाही. पूर्वी जे काम मेंदू आपोआप करायचा, म्हणजे चार माणसांच्या बोलण्यातून आपल्याशी बोलणाऱ्याचं तेवढं ऐकणं, भाजी चिरताना कुकरच्या शिट्ट्या मोजणं, ते आता त्याला मुद्दाम करावं लागतं. शेताच्या थ्री फेज करंटचं गणित तुम्हाला सांगायला नको. तो मोजके तास येतो आणि पंप तेवढ्यातच चालवायचा असतो. उरलेला वेळ सिंगल फेजवर दिवा लागतो, पंप चालत नाही. तुमचे थ्री फेजचे तास सकाळचे आहेत. पैशाचं, फोनचं, भांडणाचं, कागदपत्रांचं सगळं तेव्हा. दुपारी जेवणानंतर अंधाऱ्या खोलीत अर्धा तास पडायचं, आणि डोकं बंद पडायच्या आधी पडायचं. मोबाईल बघत पडलं तर ते पडणं धरू नका.

‘पूर्वीसारखी कधी होणार?’ याचं खरं उत्तर तुम्हाला कुणी दिलेलं दिसत नाही. पहिल्या सहा महिन्यांत, वर्षभरात सुधारणा भराभर होते. नंतर वेग कमी होतो, पण ती थांबत नाही, कित्येक वर्षं होत राहते. तरी काही गोष्टी परत येणार नाहीत. वास कदाचित येणारच नाही. आठवण पूर्वीइतकी पक्की होईलच असं नाही. म्हणून ‘पूर्वीसारखी झाले की जाईन’ ही अट तुम्ही स्वतःच काढून टाका, आणि मॅनेजरसाहेबांच्या ‘बरी झालीस की ये’मधूनही काढायला लावा. ती अट राहिली तर तुम्ही चाळिशीतही भावाच्या पडवीत बसून असाल. काय येतं, काय येत नाही आणि येत नाही त्याला काय आधार लावायचा, एवढंच आता मोजायचं.

मोजण्याची शिस्त तुमच्याकडे आहे. आयुष्यभर किर्द लिहिलीत. आता एकच वही करा. एकच. कॅलेंडरवर एक, मोबाईलमध्ये दुसरं, भाचीच्या वहीत तिसरं असं झालं की काहीच सापडत नाही. तारखेवार लिहायचं: कोण आलं, कोणाला किती दिले, कुठली गोळी घेतली, दुपारी किती वाजता डोकं बंद पडलं. रात्री मेळ घालायचा. आठवण वाढवायचे खेळ मोबाईलवर पुष्कळ निघालेत. ते खेळून माणूस त्या खेळात हुशार होतो, गोळी घ्यायची आठवण त्याला होत नाही. वही आणि गजर या साध्या आधारांचाच रोजच्या जगण्यात सगळ्यात जास्त उपयोग होतो. मोबाईल मात्र त्यासाठी तुमच्या हातात हवा, हे भावाला याच कारणाने सांगा.

आणि शिकायची पद्धत बदला. ‘चुकलं तर शिकशील’ हे धडधाकट डोक्याला ठीक. आठवण कच्ची झाली की मेंदू चूकच धरून ठेवतो आणि पुन्हा तीच करतो. म्हणून नवं काही करताना अंदाज लावायचा नाही. एटीएममध्ये कोणतं बटण आधी, कोणतं नंतर, हे लिहून न्या. कागद बघून करा. चार वेळा, दहा वेळा बघूनच करा. मग एक-एक ओळ झाकत जा. पिन मात्र त्या कागदावर लिहू नका. हे मी तुम्हाला सांगायला नको, पतसंस्थेत लोकांना तुम्हीच सांगत होता.

घरात पहिल्यांदा परत मागायच्या गोष्टी तीन: गोळ्या, पैसे, बस. खोली सगळ्यात शेवटी. गोळ्यांचा आठवड्याचा डबा मेडिकलमध्ये मिळतो. रविवारी सकाळी तुम्ही भरा, वैनींनी नुसता बघावा. महिनाभर नीट गेलं की बघणंही बंद. पैशाचं म्हणाल तर आठवड्याच्या बाजाराला ठरावीक रक्कम घेऊन तुम्ही जा, हिशेब वहीत येऊ द्या. कार्ड परत मिळाल्यावर खात्यातून रोज किती काढता येतील याची मर्यादा बँकेत कमी करून घ्या. भावाची भीती रास्त असेल तर तिचं उत्तर त्यात आहे. ‘कार्डच नको’ हे उत्तर नव्हे.

बसच्या सरावाला खर्चच नाही. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या रहिवासी बायकांना सरकारी साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही, आधार दाखवलं की शून्याचं तिकीट मिळतं. या सोयीचा एवढा चांगला उपयोग दुसरा नसेल. पाट्या कन्नडमध्ये असतात. तुमच्या बसच्या पाटीचा फोटो काढून ठेवा आणि वाचत बसण्यापेक्षा फोटोशी ताडून बघा. पहिल्यांदा भाची शेजारी बसेल. मग ती मागच्या सीटवर. मग ती खानापूर स्टँडवर थांबेल आणि तुम्ही बेळगावला उतरून फोन कराल. गर्दीची सकाळची गाडी नको, दहा-अकराची घ्या. सीबीटीवर, म्हणजे बेळगावच्या मुख्य बसस्थानकावर, गोंगाटाने डोकं गरगरलं तर तिथेच बाकावर बसा, गणपत गल्लीच्या बाजारातलं काम दुसऱ्या दिवशी. पर्समध्ये एक चिठ्ठी असू द्या: नाव, भावाचा नंबर, डोक्याला मार लागलेला आहे, फिटची गोळी चालू आहे. मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही, कारण कंडक्टर कुठला भेटेल सांगता येत नाही.

स्कूटीचा विचार सोडा. आपल्याकडे फिट येणाऱ्याला लायसन्सच मिळत नाही आणि ते बरोबरच आहे. हेल्मेट डिकीत होतं यावर तुम्हाला काही बोलायचा माझा हक्क नाही, शिक्षा तुम्ही भोगलीत. भाचीला मात्र सांगा. कर्नाटकात मागे बसणाऱ्यालाही २०१६ पासून हेल्मेट सक्तीचं आहे, आणि कुणाला ते पोलीस दिसेपर्यंत आठवत नाही.

गॅसवरून घरच्यांनी तुम्हाला हटवलं त्यात त्यांचं कारण खरं आहे, उपाय चुकीचा आहे. तुमचं लक्ष नव्हतं म्हणून नव्हे, नाक काम करत नाही म्हणून तुम्हाला कळलं नाही. डोक्याला मोठा मार लागला की वासाच्या बारीक नसा तुटू शकतात, हे बऱ्याचदा दिसतं. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो आणि तुम्हाला तोच येत नाही. तेव्हा तुमच्यासाठी इंडक्शनची शेगडी. तिला टायमर असतो, वेळ संपली की आपोआप बंद होते. घरात गॅस राहणारच असेल तर गळती झाली की ओरडणारा अलार्म बसवा. उरलेल्या अन्नाच्या डब्यावर तारीख लिहा, कारण आंबलेलं वरण तुम्हाला तोंडात घातल्यावरच कळेल. फिटमुळे आणखी थोडं: न्हाणीला आतून कडी नको, विहिरीवर एकटीनं पाणी शेंदणं नको, जागरण नको.

वैनींबद्दल एक सुचवते. ओरडून झाल्यावर रडण्याऐवजी राग चढायच्या आधी उठून बाहेर जायचं असं दोघींनी ठरवा. एक शब्द ठरवा, तुम्ही तो म्हटला की त्यांनी बोलणं थांबवायचं आणि मागे यायचं नाही. शब्द काहीही चालेल. त्या घरात तुम्हाला दुपारी तीन वाजता सगळ्यात जास्त वेळा पाहिलंय ते त्यांनीच, म्हणून दवाखान्यातही भावापेक्षा त्यांना न्या. तुम्ही सकाळी दहाला डॉक्टरांसमोर दहा मिनिटं छान बोलता आणि डॉक्टर ‘एकदम ठीक’ लिहितात. तिथे वैनींनी तोंड उघडायला हवं.

हे अपंगत्वाच्या दाखल्यालाही लागू आहे. २०१६च्या कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व मानलं आहे. ‘मेंदूचा मार’ असं वेगळं नाव त्यात नाही, त्यामुळे मागे काय राहिलंय यावर दाखला ठरतो. म्हणून लपवायचं काही नाही. ४० टक्के किंवा जास्त निघालं तर बऱ्याच सवलती उघडतात. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे अपंगत्व ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होतो. ग्रामपंचायतीत व्हीआरडब्ल्यू आणि तालुका पंचायतीत एमआरडब्ल्यू म्हणून अपंगांसाठी नेमलेले कार्यकर्ते असतात, फॉर्म कन्नडमध्ये असला तर ते भरून देतात. स्मरणशक्तीची तपासणी कुठेही झाली, अगदी बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात झाली, तरी ‘माझी भाषा मराठी’ हे आधी सांगा. कन्नडमध्ये शब्द आठवले नाहीत तर त्यात तुमच्या मेंदूचा दोष किती आणि भाषेचा किती, हे कुणालाच कळणार नाही.

वकिलांचा सल्ला मला पटत नाही. निकाल लागेपर्यंत घरी बसायचं तर निकालाच्या दिवशी तुम्ही आणखी काही वर्षांनी गंजलेल्या असाल. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शरीराचं अपंगत्व किती टक्के हे एक, आणि त्यामुळे त्या माणसाच्या कमाईवर काय परिणाम झाला हे वेगळं. अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या न्यायाधिकरणाने दुसरी गोष्ट बघायची. क्लार्कची आठवण गेली तर हातपाय धड असून काय उपयोग, हे तुमच्या वहीतून आणि पतसंस्थेच्या नोंदीतून जितकं दिसेल तितकं घरी बसून दिसणार नाही. दोन तास काम केलं, तिसऱ्या तासाला बेरीज चुकली, ही नोंदसुद्धा पुरावाच आहे. तरी कामाला सुरुवात करण्याआधी हा मुद्दा घेऊन विधी सेवेच्या वकिलाचं दुसरं मत घ्या, आणि भरपाई तुमच्याच नावाच्या खात्यात, बरीचशी मुदत ठेवीत जावी अशी मागणी करायला सांगा.

मॅनेजरसाहेबांकडे ‘मला परत घ्या’ म्हणून जाऊ नका, नेमकं मागा. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी दोन तास, आतल्या खोलीत. काउंटर नको, कॅश तर अजिबात नको. दर मिनिटाला कुणी ‘मॅडम’ म्हणत असताना नोटा मोजणं तुम्हाला आज झेपणार नाही, आणि कॅशमध्ये फरक आला की ‘डोक्यावर परिणाम’वाल्यांना आयतं मिळेल. जुन्या खतावण्यांचा मेळ, व्याजाची तपासणी, थकबाकीची यादी असं काम मागा. अपघाताआधी हाताला बसलेलं कौशल्य नव्या शिक्षणापेक्षा जास्त टिकून असतं. तुम्हाला जमा-नावे अजून येत असेल आणि मधल्या काळात आलेलं नवं सॉफ्टवेअर मात्र डोक्यात शिरणार नाही. त्यात लाज वाटून घेऊ नका, त्याचाही कागद करा. पहिले काही महिने तुमचं काम दुसऱ्या कुणी तपासावं, हेही तुम्हीच सुचवा.

गाव काय म्हणतं याला मी जागा देणार नाही.

मग खोली. मैत्रीण अजून तिथेच असेल आणि तयार असेल तर एका शनिवारी मुक्कामाला जा, रविवारी परत या. चार-सहा वेळा नीट गेलं की दोन रात्री, मग कामाच्या दिवसांना जोडून. आईला तारीख सांगा, ‘बघू’ म्हणू नका. तारीख असली की तिलाही धीर धरता येतो. मध्ये पुन्हा फिट आली तर डॉक्टरांना दाखवून तारखा पुढे ढकला, बेत मोडू नका. मैत्रिणीला आणि घरमालकिणीला फिटचं आधी सांगा: कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ घालायचं, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा घालायचा नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ला फोन. एक किल्ली मालकिणीकडे ठेवा. आणि तीच खोली मिळाली नाही, दुसरी बघावी लागली, तर तळमजल्याची बघा. वडगावातले जिने अरुंद असतात, भाडं शे-दोनशे जास्त पडलं तरी चालेल.